इथे आलो, इथे पण आलो

सॉफ्टवेअर बंद पडलं की आमच्याकडे कुणी 'का बंद पडलं?' असं विचारत नाही. 'लॉगमध्ये काय आलंय?' असं विचारतात. लॉग म्हणजे प्रोग्रॅम चालता चालता स्वतःबद्दल जे खरडून ठेवतो ते. किती वाजता काय केलं, कुणाला हाक मारली, कुणी ओ दिली नाही. निदान पुस्तकात तरी असंच लिहिलेलं असतं. नोएडातल्या आमच्या ऑफिसच्या लॉगमध्ये मात्र वेगळंच वाङ्मय आहे. 'हिअर.' त्याखाली 'हिअर टू.' त्याखाली 'यहाँ तक आ गया.' मग 'अब भी ज़िंदा हूँ.' मग एका ओळीत नुसते 'ए'च 'ए', कुणीतरी कीबोर्डवर डोकं टेकल्यासारखे. आणि या गर्दीत मध्येच शुद्ध मराठी: 'इथे आलो', 'इथे पण आलो', 'बहुतेक इथेच मरतंय'.

हे मराठी ज्याने लिहिलं तो कॅनडाला गेला. ऑफिसात उरलेला मराठी माणूस मी एकटाच. त्यामुळे या ओळींचा अधिकृत भाषांतरकार म्हणून माझी नेमणूक झाली आणि तिथून बढती मिळत मिळत लॉगिंगचा तज्ज्ञ म्हणून. दिल्लीकडे तज्ज्ञ होण्याची पद्धत फार सोपी आहे. मीटिंगमध्ये कुणीतरी तुमच्याकडे हात करून म्हणतं, "इनको पता है." तुम्ही नाही म्हणायला तोंड उघडता, तेवढ्यात चहा येतो आणि विषय मंजूर होतो.

हे सगळं घडायला कारण झालं एक सरकारी पत्रक. लोधी रोडच्या सीजीओ कॉम्प्लेक्समध्ये सर्ट-इन नावाची सरकारी संस्था बसते. देशातल्या संगणकांवर कुठे दरोडा पडला तर तिला कळवायचं असतं. तिने २८ एप्रिल २०२२ रोजी आदेश काढला की प्रत्येक कंपनीने आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस सांभाळून ठेवावेत, काही घातपात झाला तर ६ तासांत कळवावं आणि सगळ्या सर्व्हरांची घड्याळं सरकारी घड्याळाशी जुळवावीत. पाळायला ६० दिवस होते. लहान-मध्यम उद्योगांना पुढे २५ सप्टेंबरपर्यंत मुदत वाढवून मिळाली. आमच्या साहेबांनी ती वाढीव मुदतही 'अभी टाइम है' या एका वाक्यावर बरीचशी खर्ची घातली आणि मग एक दिवस घाईघाईने विचारलं, "अपने लॉग कितने दिन के हैं?"

"सर, दिन के नहीं, घंटे के हैं."

यात अतिशयोक्ती नव्हती. आम्ही लॉग लिहिणाऱ्या लॉगफोरजे नावाच्या तयार लायब्ररीची पहिली आवृत्ती वापरत होतो. त्यात फाइल भरली की नवी सुरू करणारा एक भाग असतो. त्याला तुम्ही काहीच सांगितलं नाही, तर तो १० एमबीची एक फाइल लिहितो, मागची एक ठेवतो आणि त्यामागचं सगळं फेकून देतो. आम्ही त्याला काहीच सांगितलं नव्हतं. त्यामुळे सकाळी काही बिघडलं, की तक्रार येईपर्यंत, तक्रार योग्य माणसाकडे जाईपर्यंत आणि तो योग्य माणूस छोले-कुलचे खाऊन परत येईपर्यंत पुरावा आपोआप नष्ट झालेला असे. इतक्या शिस्तीने पुरावा नष्ट करणं सराईत गुन्हेगारालाही जमत नाही.

साहेबांनी फर्मावलं, "ऐसा सिस्टम बनाओ जो फ्लेक्झिबल हो." आता यातला 'फ्लेक्झिबल' हाच सापळा. लॉगिंगच्या जगात लवचिकपणा इतका आहे की कणा कुठे आहे ते सापडत नाही. काय लिहायचं, किती लिहायचं, कुठे लिहायचं, कोणत्या रूपात लिहायचं, किती दिवस ठेवायचं, सगळं तुमच्या मर्जीवर. कोडला हात न लावता एका एक्सएमएल फाइलमध्ये सगळं ठरवता येतं. अट एकच, तुम्हाला काय हवं ते तुम्हाला ठाऊक पाहिजे. या अटीवर आमच्या टीमचे सातही जण बाद झाले.

मुळात कोणती लायब्ररी घ्यायची इथपासूनच रामायण. जेकी ग्युल्जू नावाच्या गृहस्थांनी लॉगफोरजे काढलं. जावावाल्यांनी २००२ साली स्वतःचं वेगळं काढलं. मग ग्युल्जूंनीच लॉगफोरजेपेक्षा चांगलं म्हणून लॉगबॅक काढलं. शिवाय यातलं कुठलंही निवडता यावं म्हणून सगळ्यांच्या पुढ्यात उभं राहणारं एसएलएफफोरजेही काढलं. अपाचीच्या मंडळींनी तिकडे लॉगफोरजे टू आणलं. २०२२ सालात ग्युल्जूंनी लॉगफोरजे वनच डागडुजी करून रीलोडफोरजे या नावाने पुन्हा बाजारात उभं केलं. लॉगिंगच्या सगळ्या लायब्रऱ्यांना कंटाळलेल्या माणसाने आणखी एक लायब्ररी लिहायची, हीच इथली वंशवृद्धीची रीत आहे.

आमच्या प्रोजेक्टात लॉगफोरजे टू सोडून यातल्या बऱ्याच पिढ्या एकत्र नांदत होत्या, कारण प्रत्येक जण नोकरीला लागताना आपली आवडती लायब्ररी घेऊन आला आणि जाताना ठेवून गेला. त्यांनी एकमेकांशी बोलावं म्हणून 'पूल' घालायचे असतात. आम्ही घातले. एक पूल म्हणाला, "इकडचे निरोप तिकडे देतो." दुसरा म्हणाला, "तिकडचे इकडे देतो." प्रोग्रॅमने सुरू होताना पहिला निरोप दिला, 'सुरू झालो.' तो तिकडे गेला, तिकडून इकडे आला, इकडून पुन्हा तिकडे, आणि मेमरी भरून प्रोग्रॅम कोसळेपर्यंत तो एकच निरोप दोघं एकमेकांना देत राहिले. माहितीचा अधिकार वापरून मी एकदा एका कार्यालयात अर्ज केला होता. त्यामुळे मला हा प्रकार समजायला वेळ लागला नाही.

लायब्ररी ठरली, लॉगफोरजे टू. पण ती ठरवताना साहेब अडले. "ये वही है ना, जिसमें लफड़ा हुआ था?"

वहीच होतं. डिसेंबर २०२१ मध्ये साऱ्या जगाच्या संगणकवाल्यांची झोप उडाली होती ती याच्यामुळे. लॉगफोरजे टूला वाचायची भारी हौस. लिहायला दिलेल्या मजकुरात डॉलरचं चिन्ह, महिरपी कंस आणि आत ठरावीक पत्ता दिसला, की तो मजकूर नुसता उतरवून न घेता ते त्या पत्त्यावर जाऊन यायचं आणि तिथून मिळालेला कोड घरात आणून चालवायचंही. म्हणजे कुणी लॉगिनच्या रकान्यात नावाऐवजी तसली एक ओळ टाकली, की सर्व्हर त्याच्या ताब्यात. धोक्याची मोजणी १० पैकी १०. दुरुस्ती म्हणून २.१५ आली. ती पुरेना म्हणून २.१६, मग २.१७, आणि वर्ष संपता संपता २.१७.१. गुडगावपासून ग्रेटर नोएडापर्यंत लोक नाताळच्या सुट्टीत अपग्रेड करत बसले होते. आम्ही मात्र निवांत होतो. कारण आम्ही पहिल्याच आवृत्तीवर होतो. तिचा आधार २०१५ सालीच बंद झालेला होता, आणि ती हे असलं काही करण्याइतकी हुशारच नव्हती. साहेबांनी त्या आठवड्यात हेड ऑफिसला पत्र लिहिलं की आमच्या टीमने दूरदृष्टीने अपग्रेड टाळलं होतं. त्याबद्दल त्यांना प्रशस्तिपत्रही आलं. ते त्यांच्या केबिनमध्ये फ्रेम करून लावलेलं आहे, आणि त्याखाली बसून आता ते अपग्रेडला परवानगी देत होते.

पुढचा प्रश्न पातळ्यांचा. प्रत्येक निरोपाला एक पातळी द्यायची असते. ट्रेस, डीबग, इन्फो, वॉर्न, एरर, फेटल. कल्पना जुनी आहे. १९८० च्या दशकात बर्कलीला एरिक ऑलमन यांनी ईमेलच्या सोयीसाठी सिस्लॉग लिहिलं. त्यात 'आणीबाणी'पासून 'डीबग'पर्यंत तब्बल ८ पायऱ्या होत्या. जावावाल्यांनी आपल्याला वेगळ्या हव्यात म्हणून तळाला फाइन, फायनर आणि फायनेस्ट अशा पायऱ्या ठेवल्या. त्यातल्या फायनेस्टमध्ये सगळ्यात निरुपयोगी मजकूर जातो.

आमच्याकडे पाहावं तर जवळपास सगळ्या ओळी एरर. 'एरर: लॉगिन यशस्वी.' 'एरर: पैसे मिळाले.' 'एरर: सगळं ठीक.' मी टीममधल्या बरेलीच्या पोराला विचारलं, "हे एरर का?"

"सर, इन्फो लिखो तो कोई पूछता ही नहीं."

त्याचं काय चुकलं? तो ज्या शहरात राहतो तिथे हवेलाही पातळ्या आहेत. प्रदूषणाचा आकडा २०१ ते ३०० मध्ये गेला की सरकारी भाषेत 'खराब', ४०० पर्यंत 'अत्यंत खराब', ४५० पर्यंत 'गंभीर' आणि त्यापुढे 'अति गंभीर'. प्रत्येक पायरीला ग्रॅप नावाच्या आराखड्यातले वेगळे निर्बंध. कधी बांधकाम बंद, कधी ट्रक बंद, कधी शाळा ऑनलाइन. नोव्हेंबरात एकदा आकडा ३२० वर उतरला, तेव्हा आमच्या सोसायटीतले शेजारी गच्चीवर येऊन खोल श्वास घेत मला म्हणाले, "भाईसाहब, आज तो मौसम एकदम साफ़ है!" 'अत्यंत खराब' हा इथला इन्फो आहे. आणि ५०० वर सरकारी पट्टीच संपते. त्यापुढे हवा कितीही चढली तरी निरोप तोच राहतो.

मी पातळ्यांचे नियम लिहून काढले. ग्राहकाला फटका बसला तर एरर, बसायची शक्यता असेल तर वॉर्न, वगैरे. एक कलम होतं, 'लॉगमध्ये भावना व्यक्त करू नयेत.' ते वाचून सगळे गंभीर झाले. दुसऱ्या दिवशी 'अब भी ज़िंदा हूँ' बदलून 'प्रोसेस अलाइव्ह' झालं. पातळी फेटल.

मग निरोप दोनदोनदा यायला लागले. याचं कारण वंशपरंपरा. इथे लॉगरांचं घराणं असतं. मुळाशी एक मूळपुरुष, त्याची मुलं, नातवंडं. नातवाने निरोप लिहिला की तो बापाकडेही जातो आणि आजोबाकडेही, अगदी एकत्र कुटुंबात पोराला ठेच लागली की आत्या, काकू आणि आजी तिघीही तीच बातमी फोनवर स्वतंत्रपणे सांगतात तसा. हे थांबवायचं तर एका ठिकाणी 'फॉल्स' लिहायचं. पण दुसऱ्या टीमने तेवढ्यात तक्रार केली की आमच्याकडे निरोप यायचे बंद झाले. "तुम्ही वाचत होता?" मी आशेने विचारलं. "नहीं, पर आते तो थे."

फाइलच्या नावात तारीख हवी होती. वर्ष, महिना, दिवस. यात मोठा एम म्हणजे महिना आणि छोटा एम म्हणजे मिनिट. कुणीतरी छोटा एम लिहिला. कुणी लिहिला याचा लॉग नाही. लायब्ररी आज्ञाधारक असते. नावात मिनिट आहे म्हणजे दर मिनिटाला नवी फाइल हवी असणार, असं तिने समजून घेतलं. सोमवारी आलो तर फोल्डरमध्ये फाइलींचा पूर लोटलेला. २०२२ सालाच्या सदतिसाव्या महिन्याची १४ तारीख, अठ्ठावन्नाव्या महिन्याची १४ तारीख. साहेब त्या यादीकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "चलो, १८० दिन तो हो गए."

घड्याळांचं त्याहून वाईट. देशाची वेळ दिल्लीत पुसाच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत अणुघड्याळावर ठरते. आमच्या ऑफिसापासून ती मेट्रोने गाठण्याइतकी जवळ. आमच्या तीन सर्व्हरांपैकी एक भारतीय वेळेवर होता, एक ग्रिनिचच्या, म्हणजे साडेपाच तास मागे, आणि तिसरा कुठल्याच नव्हे. तो आपला अकरा मिनिटं पुढे. त्यामुळे लॉगप्रमाणे ग्राहक आधी पैसे भरायचा, मग वस्तू निवडायचा आणि शेवटी दुकानात शिरायचा. मी हे साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, "इसको कस्टमर का भरोसा कहते हैं."

आदेशाचा खरा कस लागला तो झाकाझाकीत. १८० दिवस लॉग ठेवायचे म्हणजे त्यात ग्राहकांचे फोन नंबर उघडे नकोत. सलग १० आकडे दिसले की त्यावर फुल्या मारायच्या, असा नियम टाकला. नियमाने चोख काम केलं. फोन नंबर गेले. आमचे ऑर्डर नंबरही १० आकडीच होते, तेही गेले. संगणकाची वेळ सेकंदांत मोजली की १० आकडी होते, तीही गेली. उरलेला लॉग असा: 'फुल्या वाजता फुल्या यांनी फुल्या ही ऑर्डर रद्द केली.' ओटीपी तेवढा ६ आकडी, म्हणून तो लख्ख उघडा.

यावर मी एका रात्री हताश होऊन विचार करत बसलो असताना आठवलं की लॉग कसा लिहावा याचा नमुना आपल्याच लोकांनी दिल्लीभोवतीच्या याच एनसीआरमध्ये घालून दिलाय. पानिपत आता एनसीआरमध्ये मोडतं. १४ जानेवारी १७६१ ला तिथे काय झालं, ते उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना कळलं म्हणतात ते एका सावकारी चिठ्ठीतून. मोती दोन गेले, मोहोरा सत्तावीस गेल्या, आणि रुपये-चिल्लर किती गेली ते मोजता येत नाही, अशा अर्थाची. दोन मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब, पण त्यांची नावं नाहीत, चिठ्ठी वाटेत कुणाच्या हाती लागली तर व्यवहाराचा हिशेब. पण ज्याला कळायचं त्याला एका ओळीत सगळं कळलं. पातळी काय ते सांगायलाही लागलं नाही. आणि जिथे मोजणी झाली नव्हती तिथे सरळ 'मोजणी नाही' लिहिलं. आमच्या पोराने तिथे शून्य छापलं असतं. मी हे उदाहरण टीमच्या मीटिंगमध्ये मोठ्या अभिमानाने सांगितलं. पानिपतचाच एक सहकारी होता, तो म्हणाला, "सर, हमारे यहाँ का तो अचार फेमस है."

नव्या यंत्रणेत माझ्या विशेष अभिमानाची सोय एक होती. चालू प्रोग्रॅम न थांबवता पातळी बदलता येई. कॉन्फिगची फाइल बदलायची, ३० सेकंदांत प्रोग्रॅम ती आपणहून वाचतो. एका शुक्रवारी रात्री बरेलीच्या पोराने एक गुंता सोडवायला पातळी डीबगवर आणली. डीबगमध्ये प्रोग्रॅम मनातलं सगळं बोलतो. गुंता सुटला. पोरगं खुशीत घरी गेलं. प्रोग्रॅम बोलतच राहिला. शनिवारी पहाटे डिस्क भरली आणि सगळं बंद पडलं. 'डिस्कवर जागा नाही' हा एरर लिहायला डिस्कवर जागा नव्हती.

साहेबांचा फोन आला. "लॉग में क्या आया है?"

"काही नाही, सर. रिकामा आहे."

"तो फिर कुछ हुआ ही नहीं," ते म्हणाले आणि समाधानाने झोपले.

शेवटी ऑडिटर आले. त्यांनी १८० दिवसांच्या फाइली मोजल्या, वेळा पुसाशी जुळतात का ते पाहिलं, आणि एका फाइलवर बोट ठेवून विचारलं, "ये 'इथे पण आलो', ये कौन आया? कोई हैकर है?"

मी भाषांतर करून दिलं. त्यांनी ते लिहून घेतलं. मग सहज विचारलं, "ये सब पढ़ता कौन है?"

खोलीत शांतता. साहेबांनी माझ्याकडे हात केला. "इनको पता है."

चहा आला.

ऑडिटरांनी शेरा मारला की लॉग कोण वाचतं याचाही लॉग ठेवण्यात यावा. मी तोही बसवला. वेगळी फाइल, वेगळा लॉगर, निरोप बापाकडे जाऊ नये म्हणून 'फॉल्स', मोठा एम. आमच्या यंत्रणेतला हा एकमेव निर्दोष भाग आहे. दररोज रात्री बारा वाजता ती फाइल नियमाप्रमाणे बंद होते, तिचा आकार शून्य बाइट असतो, मग जागा वाचावी म्हणून यंत्रणा तिला दाबून झिप करते. झिप झाल्यावर ती काही बाइटांनी मोठी होते.